कमांड लाइन प्रोग्रॅमची चुकीची आर्ग्युमेंट्स आणि --हेल्प कशी तपासायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेस्टिंग शिकणाऱ्यांकडून आणि ऑफिसात छोटी टूल्स लिहिणाऱ्यांकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एका जागी आणले. सुरुवातीचे सोपे आहेत, खाचाखोचा पुढे. उदाहरणं मुख्यतः जीएनयू कोअरयुटिल्समधली (एलएस, सॉर्ट, कॅट या लिनक्सवरच्या रोजच्या कमांड) आणि पायथनच्या आर्गपार्सची (आर्ग्युमेंट वाचून देणारी लायब्ररी). कमांडनंतर लिहिलेला प्रत्येक शब्द म्हणजे आर्ग्युमेंट, त्यातले हायफनने सुरू होणारे ते ऑप्शन. कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप अर्थातच रोमन लिपीत करायच्या. घरचं उदाहरण लागलं तिथे 'हिशेब' नावाचा काल्पनिक प्रोग्रॅम घेतला आहे: तो खर्चाची फाइल वाचतो आणि महिन्याची बेरीज दुसऱ्या फाइलमध्ये लिहितो.

१. चुकीचा ऑप्शन दिला की एरर येते, ते दिसतंच. त्यात टेस्ट करण्यासारखं काय आहे?

एरर दिसली म्हणजे फार तर एक चतुर्थांश काम झालं. प्रोग्रॅमने शून्याखेरीज एक्झिट कोड (संपताना प्रोग्रॅम मागे देतो तो आकडा, ० म्हणजे यश) दिला पाहिजे, नाहीतर त्याला बोलावणारी स्क्रिप्ट सगळं आलबेल समजून पुढे जाते. संदेश स्टँडर्ड एररवर (चुकांच्या संदेशांचा वेगळा प्रवाह) गेला पाहिजे आणि स्टँडर्ड आउटपुट (निकालाचा प्रवाह) साफ रिकामं राहिलं पाहिजे, कारण ते आउटपुट पुढे दुसरा प्रोग्रॅम वाचत असतो. संदेशात प्रोग्रॅमचं नाव आणि नेमकं काय खटकलं ते हवं. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे प्रोग्रॅमने बाकी काहीही केलेलं नसावं. फाइल बनवली नाही, पुसली नाही, नेटवर्कवर गेला नाही (याची एक वाईट तऱ्हा प्र. १३ मध्ये आहे).

नमुना पाहायचा तर `एलएस --बोगस` चालवा. दोनच ओळी येतात. पहिलीत प्रोग्रॅमचं नाव आणि '--बोगस' हा ऑप्शन ओळखीचा नाही ही तक्रार, दुसरीत `एलएस --हेल्प` करून पाहा ही सूचना. कोड २. अख्खी मदत अंगावर ओतलेली नाही, आणि हे मला पटतं. शंभरेक ओळींची मदत छापली की मूळ तक्रार स्क्रीनच्या वर निघून जाते आणि वापरणारा ती शोधत बसतो.

२. मदतीचा मजकूर स्टँडर्ड आउटपुटवर छापायचा की स्टँडर्ड एररवर? दोन्ही मतं ऐकली आहेत.

मागितलेली मदत आणि न मागता मिळालेली मदत वेगळ्या धरल्या की वाद मिटतो. वापरणाऱ्याने `--हेल्प` लिहिलं तर मदत हेच त्या कमांडचं फळ. ती स्टँडर्ड आउटपुटवर जाते, कोड ०. जीएनयूच्या कोडिंग नियमावलीतही हेच आहे. `हिशेब --हेल्प | ग्रेप महिना` असं कोणी लिहिलं तर ओळ सापडायला हवी. मदत स्टँडर्ड एररवर गेली तर पाइपमधून (मधल्या उभ्या रेघेतून पुढच्या कमांडकडे) काहीच जात नाही. चूक झाली म्हणून वापराची ओळ दाखवायची असेल, तर ती स्टँडर्ड एररवर आणि कोड शून्य नसलेला.

हाताने तपासायला दोन कमांड पुरतात. `--हेल्प` देऊन स्टँडर्ड आउटपुट `/डेव्ह/नल`मध्ये (येईल ते गिळून टाकणारी फाइल) टाका, स्क्रीन कोरी राहिली पाहिजे. चुकीचा ऑप्शन देऊन स्टँडर्ड एरर तिकडे टाका, तरी स्क्रीन कोरीच राहिली पाहिजे.

लायब्ररी हे आपोआप नीट करते असं धरू नका. गो भाषेचं फ्लॅग पॅकेज मागितलेली मदतही मुळात स्टँडर्ड एररवर छापतं, आणि २०२० साली १.१५ आवृत्ती येईपर्यंत `-एच`ला (`--हेल्प`चं छोटं रूप) कोड २ देत होतं.

३. एक्झिट कोड १ ठेवू की २? कुठे ६४ दिसतो, गिटमध्ये १२९. कुठला बरोबर?

सक्तीचा असा एकच नाही. वापराच्या चुकीला २ हा सगळ्यात रुळलेला: आर्गपार्स, क्लिक, रस्टमधलं क्लॅप या आर्ग्युमेंट वाचणाऱ्या लायब्ररी सगळ्या २ देतात, बॅश या शेलच्या (कमांड टाइप करतो तो प्रोग्रॅम) अंगभूत कमांडही. ६४ हा बीएसडीच्या जुन्या यादीतला. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) वापराच्या चुकीला १२९ देतं, आणि `गिट स्टेटस -एच` अशी मदत मागितली तरी १२९च. हा अपवाद म्हणून लक्षात ठेवा, अनुकरण करू नका.

नवं टूल असेल तर २ घ्या. ग्रेप आणि डिफमध्ये १ला स्वतःचा अर्थ आहे: 'ओळ सापडली नाही', 'फाइल्स वेगळ्या निघाल्या'. तुमच्या प्रोग्रॅमलाही उद्या असं काही सांगावंसं वाटेल. शिवाय पायथनमध्ये न पकडलेलं एक्सेप्शन १ देतं. वापराची चूकही १ असेल तर प्रोग्रॅम कोसळला की त्याने शिस्तीत नकार दिला, हे टेस्टला कळायला मार्गच उरत नाही. (गोमध्ये ही सोय नाही, तिथे पॅनिकचा, म्हणजे कोसळण्याचा, कोडही २ असतो. तिथे संदेशही तपासावाच लागतो.)

म्हणून टेस्टमध्ये 'शून्य नाही' एवढ्यावर कधी थांबू नका, नेमका आकडा लिहा. शेलमध्ये प्रोग्रॅम सापडलाच नाही तर १२७ येतो, चालवायची परवानगी नसेल तर १२६, सेगमेंटेशन फॉल्टने (मेमरीच्या चुकीने) मेला तर १३९. यातला एकही शून्य नाही. टेस्टमध्ये प्रोग्रॅमचं नाव चुकीचं टाइप केलं असेल, तरी 'शून्य नाही'वाली टेस्ट वर्षभर हिरवी, म्हणजे पास, राहील.

कोड म्हणून चुकांची संख्या देण्याचा मोहही टाळा. लिनक्स आणि मॅकवर वरती फक्त ८ बिट पोचतात, त्यामुळे २५६ चुका म्हणजे कोड ०.

४. पायटेस्टमध्ये चुकीचं आर्ग्युमेंट दिलं की टेस्ट 'सिस्टमएक्झिट: २' दाखवून फेल होते. आर्गपार्सला थांबवू कसं?

थांबवू नका, पकडा. आर्गपार्स चूक दिसली की सिस्टमएक्झिट हे एक्सेप्शन फेकतं, तेच अपेक्षित आहे. पायटेस्ट (पायथनच्या टेस्ट चालवणारं टूल) वापरताना `पायटेस्ट.रेझेस`मध्ये सिस्टमएक्झिट द्या, पकडलेल्या एक्सेप्शनचा `कोड` २ आहे का ते पाहा आणि `कॅपसिस`कडून (छापलेलं पकडून देणारी पायटेस्टची सोय) दोन्ही प्रवाह वेगवेगळे घेऊन तपासा.

इथे एक खड्डा आहे. `सिस.एक्झिट`ला आकड्याऐवजी मजकूर दिला तर पायथन तो स्टँडर्ड एररवर छापतं आणि प्रत्यक्ष कोड १ देतं, पण पकडलेल्या एक्सेप्शनमध्ये `कोड` हा तो मजकूरच असतो. `सिस.एक्झिट()` रिकामं असेल तर तिथे `नन` मिळतो आणि बाहेर ०.

दुसरा त्रास नावाचा. पायटेस्टखाली वापराच्या ओळीत 'हिशेब'ऐवजी 'पायटेस्ट' छापून येतं, कारण आर्गपार्स ते नाव चालू प्रोसेसकडून उचलतं. पार्सर बनवताना `प्रॉग`मध्ये आपलं नाव द्या. आणि मुख्य फंक्शन आर्ग्युमेंटची यादी बाहेरून घेईल असं लिहा, नाहीतर ते पायटेस्टलाच दिलेले ऑप्शन वाचायला लागेल.

५. मग फंक्शन थेट बोलवून तपासू, की खरा प्रोग्रॅम वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून?

चुकीच्या किमतींची लांबलचक यादी (प्र. ११) थेट फंक्शनवर, कारण ते झटपट होतं. पण मोजक्या टेस्ट खऱ्या प्रोसेसवर हव्यातच: एक `--हेल्प`, एक अनोळखी ऑप्शन, एक कमी पडलेलं आर्ग्युमेंट. इन्स्टॉल झालेली कमांड भलत्याच फंक्शनकडे जाते, किंवा इम्पोर्ट करतानाच डेटाबेस शोधायला निघते आणि तो नसेल तर `--हेल्प`सुद्धा कोसळतं, या गोष्टी आतून कधीच दिसत नाहीत.

प्रोसेस चालवताना आर्ग्युमेंट यादीच्या रूपात द्या, शेलमधून एक सलग ओळ म्हणून नको. नाहीतर रिकामी स्ट्रिंग आणि स्पेस असलेली नावं तपासताना तुम्ही शेलचीच परीक्षा घेत बसाल. शेल स्क्रिप्टसाठी बॅट्स हे टेस्ट टूल चांगलं आहे, पण त्याचं `रन` दोन्ही प्रवाह एकत्र करतं. प्र. २ची तपासणी करायची तर १.५ आवृत्तीपासूनचा `--सेपरेट-एसटीडीईआरआर` लागतो.

६. माझ्या मशीनवर टेस्ट पास होते, सर्व्हरवर अर्धा तास लटकून राहते. का?

बहुतेक वेळा प्रोग्रॅम आर्ग्युमेंट तपासण्याआधीच स्टँडर्ड इनपुट (कीबोर्ड किंवा पाइपमधून येणारा मजकूर) वाचायला बसलेला असतो. टेस्टमध्ये इनपुट नेहमी `/डेव्ह/नल`वरून द्या (ते वाचायला रिकामंच असतं) आणि वेळेची मर्यादा घाला. जीएनयूची `टाइमआउट` कमांड वेळ संपल्यावर १२४ देते, त्यामुळे लटकणं आणि नाकारणं वेगळं ओळखता येतं. ही पुन्हा नेमका कोड तपासायचीच बाब (प्र. ३).

७. एकही आर्ग्युमेंट नसेल तर मदत दाखवावी की एरर?

`कॅट` इनपुटची वाट पाहत बसतं, `एलएस` चालू फोल्डर दाखवतं, `सीपी` फाइल दिली नाही म्हणून कोड १ देतं. तिन्ही आपापल्या जागी बरोबर. आर्ग्युमेंटवाचून ज्याला काही करताच येत नाही, त्याने मात्र शून्य देऊ नये, मदत छापली तरीही. स्क्रिप्टमधलं व्हेरिएबल रिकामं राहिल्याने प्रोग्रॅम मोकळाच चालला, तर त्याला यश म्हणायचं कसं?

८. --हेल्प आणि चुकीचा ऑप्शन एकाच वेळी दिला तर कोण जिंकतं?

जीएनयूची नियमावली सांगते की `--हेल्प` दिसल्यावर बाकीच्याकडे लक्ष देऊ नये. 'दिसल्यावर' हे महत्त्वाचं. `एलएस --हेल्प --बोगस` मदत देतं, कोड ०. `एलएस --बोगस --हेल्प` मात्र तक्रार करून २ देतं, कारण वाचन डावीकडून उजवीकडे होतं आणि पहिल्याच चुकीला ते थांबतं.

आर्गपार्सचं गणित निराळं. अनोळखी ऑप्शन ते बाजूला ठेवतं आणि तक्रार शेवटी करतं, म्हणून `--बोगस --हेल्प`ला मदतच मिळते. सक्तीचं आर्ग्युमेंट राहिलं असेल तरी मदतच. पण `--महिना अबक --हेल्प` लिहिलं आणि महिना आकडा असायला हवा असेल, तर किंमत तिथल्या तिथे तपासली जाते आणि २ येतो.

दोन्ही पद्धती चालतात. तुमची कुठली आहे ते टेस्टमध्ये नोंदवा, म्हणजे लायब्ररी बदलली की कळेल.

९. मदतीचा अख्खा मजकूर फाइलमध्ये ठेवून जुळवतो. पायथन अपडेट केलं की सगळं लाल होतं. उपाय?

होणारच. पायथन ३.१०मध्ये आर्गपार्सने मदतीतलं 'ऑप्शनल आर्ग्युमेंट्स' हे शीर्षक बदलून नुसतं 'ऑप्शन्स' केलं, आणि जगभरच्या अशा टेस्ट एका रात्रीत पडल्या. ३.१४पासून मदत रंगीत होते. टर्मिनलच्या रुंदीनुसार ओळी मोडतात, हे आणखी वेगळं.

परिसर (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) आधी बांधून घ्या: `कॉलम्स`ची किंमत ८०, `एलसी_ऑल`ची `सी`, आणि `नो_कलर` लावलेलं. `एलसी_ऑल` नसेल तर कोअरयुटिल्ससारखे प्रोग्रॅम संदेश वापरणाऱ्याच्या भाषेत देतात. शिवाय 'अनोळखी ऑप्शन' हे वाक्यही सगळीकडे सारखं नाही: लिनक्सची ग्लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) एका अक्षराच्या ऑप्शनला 'इनव्हॅलिड' म्हणते, मॅक आणि बीएसडी 'इल्लीगल'.

माझं मत विचाराल तर अख्खा मजकूर जुळवूच नका. कोड, प्रवाह आणि संदेशात वापरणाऱ्याने दिलेला चुकीचा शब्द जसाच्या तसा आला का, एवढं पाहा. वाक्यरचना लायब्ररीची असते. ती तुम्ही का राखत बसायची? मजकूर मुद्दाम घडवलेला असेल आणि बदल कोणीतरी डोळ्यांखालून घालावा एवढाच हेतू असेल, तर ठेवा.

१०. मदतीत लिहिलेले ऑप्शन खरोखर चालतात का, हे तपासता येतं?

येतं, आणि हीच सगळ्यात कमी लिहिली जाणारी टेस्ट. कोअरयुटिल्सच्या टेस्टमध्ये यासाठी एक स्वतंत्र स्क्रिप्ट आहे: ती प्रत्येक प्रोग्रॅमची मदत वाचते, त्यातले ऑप्शन वेचते आणि प्रोग्रॅम ते ओळखतो का ते पाहते. शेजारी आणखी दोन आहेत. एक प्रत्येक प्रोग्रॅमला अनोळखी ऑप्शन देऊन संदेश पाहते, दुसरी `--हेल्प` आणि `--व्हर्जन` सगळीकडे चालतात का ते पाहते.

ऑप्शन हाताने वाचणारी शेल स्क्रिप्ट असेल तर हे नक्की करा, कारण तिथे मदत एकीकडे आणि वाचणारा कोड दुसरीकडे असतो. आर्गपार्स मदत व्याख्येतूनच बनवतं, त्यामुळे तिथे धोका कमी. तिथे फक्त उदाहरणांच्या ओळी चालवून पाहा, त्याच शिळ्या होतात.

११. आकड्याच्या जागी काय काय देऊन पाहू? 'अबक' सोडून काही सुचत नाही.

रिकामी स्ट्रिंग, नुसती स्पेस, `-१`, `०`, `१२अबक`, `१.५`, अवाढव्य मोठा आकडा, आणि दशांश चालत असतील तर `नॅन` ('आकडा नाही') आणि `इन्फ` (अनंत). पायथनचं `फ्लोट` शेवटचे दोन्ही आनंदाने घेतं आणि तुमची बेरीज नासते.

सीमध्ये `एटीओआय` वापरलं असेल तर 'अबक'चा ० होतो आणि `१२अबक`चा १२, तक्रार नाहीच. `एसटीआरटीओएल` वापरून आकडा कुठे संपला ते पाहावं लागतं.

आपल्याकडच्या वापरणाऱ्यांसाठी एक खास: पायथनचं `इंट` देवनागरी अंकही समजतं. मराठी कीबोर्डवरून `--महिना १२` दिलं तर आर्गपार्समधून ते सुखरूप पार होतं. सीचं `एसटीआरटीओएल` आणि गोचं `एटॉय` ते घेत नाहीत. घ्यायचं की नाकारायचं ते ठरवा, पण टेस्ट लिहा, कारण असा आकडा मूळ मजकूर म्हणून पुढे डेटाबेसला दिला की तिकडे अडकू शकतो. पायथन `१_०००`सारखा अंडरस्कोअरवाला आकडाही घेतं, तोही यादीत घाला.

१२. वापरणारे म्हणतात ऑप्शन बरोबर दिला, आणि प्रोग्रॅम म्हणतो अशी फाइल नाही. दोघंही खरं बोलतात?

हो. कमांड वर्डमधून किंवा चॅटमधून कॉपी झालेली असते, आणि वाटेत दोन हायफनची एक लांब रेघ झालेली असते. प्रोग्रॅमला तो ऑप्शन वाटतच नाही, तो फाइलचं नाव समजतो. टेस्टमध्ये अशी रेघ आणि वळणदार अवतरणचिन्हं दोन्ही देऊन पाहा. संदेशात दिलेला शब्द अवतरणात छापला जात असेल तर वापरणाऱ्याला फरक निदान दिसतो. 'हा ऑप्शन लिहायचा होता का?' एवढं विचारलंत तर मदतीचे फोन कमी येतील.

१३. चुकीचा ऑप्शन दिला, एररही नीट आली, पण जुनी आउटपुट फाइल रिकामी झाली. असं कसं?

फाइल आर्ग्युमेंट वाचतानाच उघडली गेली. आर्गपार्सच्या `फाइलटाइप`ला लिहिण्याचा मोड दिला की ते तिथल्या तिथे फाइल उघडतं, म्हणजे आतला मजकूर गेला. पुढचं आर्ग्युमेंट चुकलं तरी गेलेलं परत येत नाही. पायथन ३.१४मध्ये `फाइलटाइप` वापरू नका असं अधिकृतपणे सांगितलं आहे.

टेस्ट अशी: तात्पुरत्या फोल्डरमध्ये काही मजकूर असलेली फाइल ठेवा, `हिशेब --आउटपुट` ती फाइल आणि त्यानंतर `--महिना अबक` द्या, मग फाइल बाइट न् बाइट तशीच आहे का पाहा. क्रम उलटा करूनही पाहा. चूक आधी आली तर बग लपतो.

१४. --व्हर्ब लिहिलं तरी --व्हर्बोज चालतो. हा बग आहे का?

नाही. ग्लिबसीचं `गेटऑप्ट_लाँग` आणि आर्गपार्स दोन्ही लांब ऑप्शनचं तोडकं रूप घेतात, जोवर दुसऱ्या कशाशी गोंधळ होत नाही तोवर. तुम्ही पुढच्या आवृत्तीत त्याच अक्षरांनी सुरू होणारा नवा ऑप्शन आणलात की कोणाची तरी जुनी स्क्रिप्ट 'संदिग्ध ऑप्शन' म्हणून पडते. आर्गपार्समध्ये `अलाउ_अब्रेव्ह` बंद करा आणि तोडकं रूप नाकारलं जातं अशी टेस्ट ठेवा. नव्या टूलमध्ये पहिल्या दिवशी. नंतर बंद केलंत तर तुम्हीच लोकांच्या स्क्रिप्ट पाडाल.

१५. फाइलचंच नाव '-एफ' असेल तर?

पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिमचं प्रमाण) नियमांनुसार नुसत्या `--`नंतर येणारं काहीही ऑप्शन नसतं. `हिशेब -- -एफ` चाललं पाहिजे, आणि `हिशेब -- --हेल्प`ने मदत न दाखवता '--हेल्प' नावाची फाइल शोधली पाहिजे. दुसरी टेस्ट बहुतेक हाताने लिहिलेल्या स्क्रिप्ट नापास होतात.

१६. आउटपुट 'टी'मधून लॉगमध्ये घेतो, तर कोड नेहमी शून्य येतो.

तो `टी`चा (आउटपुट स्क्रीनवर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे लिहिणारी कमांड) कोड आहे. बॅशमध्ये `पाइपफेल` लावा, म्हणजे पाइपमधल्या आधीच्या प्रोग्रॅमचं अपयशही कळतं. पण मग `हिशेब --हेल्प | हेड -१` कधीकधी १४१ देईल, कारण `हेड`ने पाइप बंद केला आणि लिहिणारा सिग्नलने मेला. तो दोष प्रोग्रॅमचा नव्हे, अशी टेस्ट पाइपविना लिहा.

१७. --हेल्प कधी अयशस्वी व्हायला हवं का?

हो, मदत छापताच आली नाही तर. लिनक्सवर `/डेव्ह/फुल` नावाची फाइल आहे, तिच्यात काही लिहायला गेलं की 'जागा नाही' असंच उत्तर येतं (मॅकवर ती नसते). `एलएस --हेल्प` तिच्याकडे वळवा, लिहिण्याची चूक दाखवून २ येतो. पायथनच्या प्रोग्रॅमला सहसा १२० येतो, कारण साठवलेलं आउटपुट बंद होताना बाहेर टाकता आलं नाही. ० आला तर तुमचा प्रोग्रॅम लिहिण्याचा निकाल तपासत नाही, आणि मदतीपुरतंच नाही, खरी बेरीज लिहितानाही तपासत नसण्याची दाट शक्यता.

प्र. १०मधल्या `--हेल्प`च्या स्क्रिप्टमध्ये हीदेखील तपासणी आहे, प्रत्येक प्रोग्रॅमच्या अपेक्षित कोडसकट: `सॉर्ट`ला २, `एक्सपर` आणि `टीटीवाय`ला ३, `टाइमआउट`, `एन्व्ह`, `नाइस` यांना १२५. शेवटच्या तिघांना वेगळा आकडा लागतो, कारण ते दुसऱ्या प्रोग्रॅमला चालवून त्याचा कोड पुढे देतात. स्वतःची चूक त्यात मिसळून चालत नाही. तुमचं टूलही दुसरी कमांड चालवत असेल तर १२५ उचला आणि प्र. ३मधला २ विसरा.

१८. 'इको --हेल्प' केलं तर '--हेल्प' हेच छापलं जातं. मग सगळ्या प्रोग्रॅमना --हेल्प हवं हा नियम कुठे गेला?

ते बॅशचं अंगभूत `इको` आहे, त्याचं कामच दिलेलं छापणं. डिस्कवरचं `/बिन/इको --हेल्प` एकट्याने दिलं तर मदत दाखवतं. म्हणजे कुठला चालतोय हे आधी `टाइप -ए इको` करून पाहा. टेस्टमध्ये पूर्ण पाथ द्या.

`टेस्ट` नावाची एक कमांडही आहे, ती अट तपासते. `टेस्ट --हेल्प` काही न छापता ० देतं, कारण रिकामी नसलेली स्ट्रिंग म्हणजे सत्य. मदत हवी तर डिस्कवरच्या चौकटी कंसाच्या कमांडला, म्हणजे `/यूएसआर/बिन/[`ला, `--हेल्प` द्यावं लागतं. आणि `फॉल्स`चं कामच अपयश सांगणं, म्हणून डिस्कवरचं `फॉल्स --हेल्प` मदत नीट छापतं, तरी कोड १ देतं. कोअरयुटिल्सच्या स्क्रिप्टमध्ये `टेस्ट` वगळलेलं आहे, आणि `फॉल्स`साठी उलटी तपासणी आहे: त्याने ० दिला तर टेस्ट फेल.